एकेचाळीस नंबरची म्हातारी

आमच्या लॅबमध्ये नवी पोरं आली की पहिल्या दिवशी मी एकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी देते आणि सांगते, "खाली सिलेंडरच्या खोलीत जा, गायधनी सरांसाठी पिशवीभर आर्गॉन गॅस भरून आण. गाठ घट्ट मार, नाहीतर सांडेल." दरवर्षी एक तरी जातोच. परत येताना पिशवी अशी सांभाळून धरतो की जशी काय आत जिवंत मासळी आहे. मग सगळी लॅब हसते, तोही हसतो, आणि कॉलेज संपेपर्यंत त्याला कुणी ते विसरू देत नाही.

यंदा पिशवी घेऊन गेलेला परत आला तर कुणी हसलंच नाही. उजमानं मान वर केली, म्हणाली, "मावशी, त्याला म्हणावं दार लावून घे," आणि परत घासायला लागली. निकितानं तर मानही वर केली नाही. तेव्हाच मी ओळखलं, आमच्या लॅबला दुखणं लागलंय.

मी चांगुणा. नाशकातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बॅटरीच्या लॅबमध्ये असिस्टंट. असिस्टंट म्हणजे भांडी धुणं, सिलेंडर बदलणं, भट्टीवर नजर ठेवणं, आणि कुणी रडत असेल तर चहा सांगणं. शेवटचं काम ऑर्डरीत लिहिलेलं नाही, पण जास्त करून तेच असतं. पीएचडीची पोरं लय रडतात. लहान पोरांसारखी नाही, आतल्या आत. नळ चालू ठेवून.

उजमा मात्र रडायची नाही. जुन्या नाशकातली पोरगी. वडील हबीबभाई रिक्षांची हुडं शिवतात. पोरीचं चौथं वर्ष चालू होतं आणि चार वर्षं ती एकाच गोष्टीमागं होती. एकदा मी तिला विचारलं, "बाई, तू नेमकं करतेस काय? मला सांग, म्हणजे मला गावाकडं सांगता येईल."

ती म्हणाली, "मावशी, तुमच्या मोबाईलच्या बॅटरीत पातळ रसायन असतं. तापलं की पेटतं. माझ्या बॅटरीत त्याच्या जागी ही चकती." आणि तिनं मला एक पांढरट चकती दाखवली, रुपयाच्या नाण्याएवढी, कपबशीच्या तुकड्यासारखी. "ही पेटत नाही. पण ही कडक आहे. तिच्यावर धातू ठेवला की नीट टेकत नाही. चार-दोन जागी टेकतो, बाकी फट. मग सगळा करंट त्या चार जागांतूनच घुसतो आणि तिथं लिथियमची मुळं फुटतात. चकतीतून आरपार. शॉर्ट."

"म्हणजे सिंहस्थाला सगळे घाट बंद ठेवायचे आणि सगळं गाव एकाच बोळातून नदीवर सोडायचं."

"अगदी तेच," ती म्हणाली, आणि तेव्हा ती हसली होती. "म्हणून मी पातळ धातू वापरते. गॅलियम आणि इंडियम. पाऱ्यासारखा दिसतो. तो चकतीवर पसरला की सगळे घाट उघडे."

पसरला तर. तिथंच सगळं अडलं होतं. बहुतेक वेळा तो चकतीवर गोल थेंब होऊन बसायचा, अळूच्या पानावर पाणी बसतं तसा. उजमा त्याला ढकलायची, दाबायची, चोळायची. वरून बसल्यासारखा दिसायचा, खालून अधांतरी. मग सेल बनवायचा, मशीनला लावायचा, आणि दोन-तीन दिवसांत कॉम्प्युटरवरची रेघ धपकन खाली.

हे सगळं काम काचेच्या पेटीत. पेटीत हवा नाही, नुसता आर्गॉन, कारण बाहेरची हवा लागली की चकतीवर साय धरते आणि मग थेंब तिला शिवतसुद्धा नाही. पेटीला समोर दोन गोल भोकं आणि भोकांना खांद्यापर्यंतचे काळे रबरी हातमोजे. आत कुणाचे हात नसले की दाबानं ते मोजे बाहेर ताठ उभे राहतात, मागायला बसल्यासारखे. मी राखीपौर्णिमेला त्यांना कागदी राखी बांधते. एकदा एका मोज्याच्या हातात वाटीभर चिल्लर ठेवली होती. गायधनी सर वैतागले, पण जाताना त्यांनीही दोन रुपये टाकले.

तर गोष्ट रमजानच्या दिवसांतली आहे.

रमजान लागला तेव्हा गायधनी सर, उजमाचे गाइड, तिला म्हणाले, "महिनाभर तू लिखाणाचं काम कर. सेल नंतर बनव. पहाटे उठायचं, दिवसभर पाणी नाही, आणि त्यात पेटीत हात घालून दोन-दोन तास उभं राहायचं. चूक होईल."

"सर, मी दहाव्या वर्षापासून रोजे ठेवते. इंजिनिअरिंगच्या परीक्षा रोज्यात दिल्या. माझी चूक होणार नाही."

"अगं, झोप येते माणसाला."

"मला नाही येत," उजमा म्हणाली. सर गेल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, "सुट्टी घेतली तर म्हणतील रोज्यामुळं काम थांबलं. एकदा म्हटलं की कायम म्हणत राहतात, मावशी."

माझ्या पोरीच्या वेळी मीही सातव्या महिन्यापर्यंत सिलेंडर ढकलले होते, याच कारणानं.

त्या दुपारी लॅबमध्ये आम्ही दोघीच. निकिता, उजमाच्या पाठोपाठ पीएचडीला लागलेली, वणीला मावसबहिणीच्या लग्नाला गेलेली. उजमानं नवीन पॉलिश पेपरचं पाकीट फोडलं, पेटीत हात घालून चकती घासली, गरम प्लेटवर ठेवली, वर थेंब सोडला. तिचा नेम होता, दोन मिनिटं तापवायचं. घड्याळात बघून दोन. पाच, दहा करून बघितली होती, काही फरक नाही. आणि त्याच्यावर गेलं की धातू कडेनं ओघळून दुसऱ्या बाजूला जातो आणि सेल जन्मायच्या आधीच मरतो, असं सगळेच सांगायचे. म्हणून दोन.

मी मागं भांडी धूत होते. नळ बंद केला तर लॅबमध्ये एकदम शांत. वळून बघते तर बाईसाहेब स्टुलावर बसल्यात, दोन्ही हात पेटीत, कपाळ काचेला टेकलेलं, आणि तोंड उघडं. गाढ. आतले रबरी हात पण झोपलेले, बोटं पसरून.

आता मला सांगा, अशा वेळी कुणी नुसतं उठवेल का?

मी आधी फोटो काढला. मग चिकटपट्टीवर मार्करनं लिहिलं, "चार्जिंग चालू आहे. हात लावू नये." आणि ती पट्टी हळूच तिच्या पाठीवर ओढणीला चिकटवली. दाराला आतून कडी लावली, कारण कुणी आलं तर बिचारीची अब्रू जाईल. आणि म्हटलं, झोपू दे. पहाटे सेहरीला उठलेली पोरगी. अर्धा तास झाला, चाळीस मिनिटं झाली. मग मला वाटलं, ही जागी झाली आणि घड्याळ बघितलं तर हिचं काळीज फाटेल. म्हणून स्टुलावर चढून, गुडघ्यांच्या शिव्या खात, मी भिंतीवरचं घड्याळ पाऊण तास मागं केलं. उतरून दुसरा फोटो काढला. त्यात पट्टी पण आली, घड्याळ पण आलं. लबाडीचा पुरावा जपून ठेवायचा असतो, त्याशिवाय पुढं हसायला मजा नाही. मग मुद्दाम बादली आपटली.

उजमा दचकून उठली. पहिलं घड्याळ बघितलं. श्वास सोडला.

"मावशी, माझा डोळा लागला होता का?"

"कुठं? मिनिटभर डोकं टेकलंस."

"कुणाला सांगू नका हं."

"मी? मला तर लांबचं दिसतच नाही."

आणि मी सांगणारच होते. खरंच. इफ्तारीला खजूर हातात दिला की सांगू, असं मनात ठरवलं होतं. पण तिनं पेटीत बघितलं आणि किंचाळलीच. "मावशी! बसला! थेंब बसला!" चकतीवर धातू असा पसरला होता की जणू आरसा लावलाय. ती हसत होती, आरशाकडं बघून नुसती हसत होती. त्या हसण्यात माझी गंमत कोण ऐकणार? ती हात धुवायला गेली तेव्हा मी पाठीवरची पट्टी काढली, घड्याळ होतं तसं केलं. "आज वेळ कसा गेला कळलंच नाही," ती म्हणाली. "रोज्यात असंच होतं," मी म्हटलं.

हसायची वेळ आली की सांगू, म्हटलं. ती वेळ आलीच नाही.

तो सेल एकेचाळिसावा. तो मेला नाही. दोन-तीन दिवस गेले, आठवडा गेला, ईद गेली, रेघ जशीच्या तशी सरळ. सगळ्यांनी त्याचं नाव पाडलं म्हातारी. कारण बरोबरचे सगळे गेले आणि ही आपली भिंतीला टेकून बसलेली. मी तिच्या मशीनवर छोटा हार घातला. हारामुळं ती मेली वाटायला लागली, म्हणून निकितानं काढून टाकला.

सर खूश झाले, पण सर पक्के. म्हणाले, "उजमा, एक सेल चालला तर नशीब. तीन चालले तर काम. असे अजून दोन बनव, आणि थिसीस लिहायला बस."

अजून दोन. ऐकायला सोपं.

उजमानं विचार केला, त्या दिवशी वेगळं काय होतं? नवीन पॉलिश पेपर. मग नवीन पॉलिश पेपर आणले. थेंब बसेना. अजून बारीक पेपर आणले. थेंब गोल तो गोलच. मग तिला वाटलं, त्या दिवशी हात चांगला पडला असेल. मग ती घासायला लागली. दोन तास, तीन तास. पेटीत, रबरी मोजे घालून, रुपयाएवढी चकती बोटाच्या टोकाखाली धरून, गोल गोल गोल. एप्रिल गेला. मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला आणि मोज्यातून हात काढला की कोपरापर्यंत घाम गळायचा. सिंहस्थासाठी सगळे रस्ते खोदलेले, ती स्कूटीवरून यायची ती धुळीनं भरून, तोंड धुवायची आणि घासायला बसायची. मनगट सुजलं. हबीबभाईंनी रिक्षाच्या हुडाच्या रेक्झिनचा पट्टा शिवून दिला, निळा, त्याला वेल्क्रो. तो घालून घासायची.

पन्नासावा सेल मेला. साठावा मेला. निकिता तिच्या पाठची, तिचं कामही याच कृतीवर, तर तिचेही मरत होते. दोघी समोरासमोर बसून जेवायच्या आणि एक शब्द नाही. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज तेवढा. सरसुद्धा बारीक झाले. दारातून डोकावायचे, उजमानं मान हलवली की परत जायचे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी माझ्या परीनं केलं. मोज्यांना मेहंदीचे स्टिकर लावले. म्हातारीला शंभर दिवस भरले तेव्हा रिकाम्या डबीत मेणबत्ती लावली. पिशवीचा किस्सा केला, तो तर सांगितलाच. काही नाही. लोक थकले की त्यांना गंमत कळत नाही असं नाही. कळते. पण हसायला जी थोडी ताकद लागते ना, तीच नसते. मलाही मग कंटाळा आला. घरी जाऊन गुडघ्याला तेल लावायचे आणि टीव्ही न लावता बसायचे. माझ्या गावची, सायखेड्याची चिमणाबाई फोनवर म्हणाली, "काय गं, तुझा आवाज असा का? कुणी गेलं का?" मी म्हटलं, "रोज जातंय. आज सत्तरावा गेला."

श्रावण संपत आला तेव्हा सरांनी उजमाला बोलावलं. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून मला ऐकू आलं. खोटं कशाला, चहा कुणी सांगितलाच नव्हता.

"गणपती बसायच्या आत पेटी दुसऱ्या विभागाकडं जातेय," सर म्हणाले. "मी तीनदा मुदत मागून घेतली. आता देत नाहीत. तुझी वाढीव मुदतही त्याच महिन्यात संपते."

"आणि माझा थिसीस, सर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एका सेलवर नाही गं मांडता येणार. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील, परत करून दाखवा. तू काय सांगणार?"

"की मला माहीत नाही," उजमा म्हणाली.

"चार वर्षं वाया नाही जात. कुठं तरी शिकवायला लाग, मग बघू."

"जी सर."

ती बाहेर आली आणि आवरायला लागली. रविवारी पेटी रिकामी करायची होती, तर हा शुक्रवार. निकिता खिडकीपाशी उभी. उजमानं आपले पेन, आपला मग, रेक्झिनचा पट्टा पिशवीत टाकला. म्हातारीच्या मशीनसमोर जरा थांबली. रेघ सरळच. "हिला बंद नका करू लगेच," ती म्हणाली. "राहू दे जरा."

मी खाली जाऊन उलटा वडापाव आणला तिघींना. निरोपाला काहीतरी पाहिजे. उजमानं घेतला नाही. तशीच स्टुलावर बसली, पाठ वाकवून, आणि हात मांडीवर उताणे. बारा ओझी वाहून आलेल्या माणसासारखी. मला वाटलं, ही आत्ता हसली नाही तर मग कधीच हसणार नाही, आणि आमची शेवटची आठवण ही अशी राहील. माझ्याकडं एकच गोष्ट शिल्लक होती. शिळी झालेली, पण होती.

"उजमा, तुला एक दाखवते," मी म्हटलं. "पण मारायचं नाही."

"मावशी, आज नको."

"बघ तर. रमजानात तू म्हणालीस ना, मला झोप येत नाही? हे बघ." आणि मी मोबाईल तिच्यासमोर धरला. पहिला फोटो. तोंड उघडं, कपाळ काचेला.

निकिता खिडकीपासून जवळ आली. "अगं बाई! दीदी!" ती फसकन हसली.

"थांब, पुढचा बघ." मी दुसरा लावला. "पाठीवर वाच. चार्जिंग चालू आहे. आणि घड्याळ बघ घड्याळ! मी पाऊण तास मागं केलं होतं, तू घाबरशील म्हणून. स्टुलावर चढून! आणि तू उठल्यावर मला विचारतेस, डोळा लागला होता का!"

निकिता पोट धरून हसत होती. उजमा हसली नाही. तिनं मोबाईल माझ्या हातातून घेतला. फोटो दोन बोटांनी मोठा केला. मला वाटलं स्वतःचं तोंड बघते. पण ती तोंडावरून सरकली, काचेवरून आत गेली, रबरी बोटांच्या पलीकडं, गरम प्लेटवर, आणि तिथं थांबली. मग पहिल्या फोटोवर गेली. परत तिथंच. मग परत दुसरा.

पहिल्यात थेंब हरभऱ्यासारखा गोल. दुसऱ्यात नाही. दुसऱ्यात नुसता एक चकाकणारा पट्टा.

"किती वेळ झोपले होते मी?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक की निकिताचं हसू थांबलं.

"सांगितलं ना. पाऊण तास. वर थोडं असेल."

"प्लेट चालू होती?"

"मी कशाला हात लावू तुझ्या प्लेटला?"

एप्रिल, मे, सुजलेलं मनगट, निळा पट्टा, सगळं एका झटक्यात समोर आलं. "उजमा," मी म्हटलं, "मी सांगणारच होते गं तेव्हा. मला काय माहीत की त्याच्यात..."

"मला माहीत होतं ना, की मी झोपले होते," ती म्हणाली. "मिनिटभर का होईना. मी तरी कुठं सांगितलं? सरांनी इतक्यांदा विचारलं, त्या दिवशी वेगळं काय झालं. मी पेपर सांगितला, हवा सांगितली, आर्गॉनचा सिलेंडर सांगितला. झोप नाही सांगितली." तिनं मोबाईल मला परत दिला. "घासण्याचा काही संबंधच नव्हता, मावशी. त्याला फक्त वेळ पाहिजे होता. कुणी ढकलायला नको, चोळायला नको. नुसतं तापत पडू द्यायचं."

"मग तो कडेनं ओघळतो ते?"

"ओघळला नाही ना. लोक म्हणतात. कुणी बघितलंय?" ती उठली. परत बसली. "पण माझ्याकडं चकतीच नाही. शेवटची परवा तुटली."

निकितानं आपला खण उघडला. तिची एक चकती होती, शेवटची, बंद डबीत. "घ्या," ती म्हणाली.

"तुझा सेल?"

"माझा पण मरणारच होता. घ्या ना, दीदी."

उजमानं चकती पेटीत सरकवली. पट्टा पिशवीतून काढून परत मनगटाला बांधला. मग थांबली आणि मला म्हणाली, "सगळं तसंच करायचं. जसं त्या दिवशी होतं तसं. एकही गोष्ट बदलायची नाही."

"म्हणजे?"

"घासायचं तेवढंच, जास्त नाही. थेंब तेवढाच. हात पेटीतच ठेवायचे, कारण हातांनी आतला आर्गॉन थोडा गरम राहत असेल तर? मला नाही माहीत काय महत्त्वाचं आहे. म्हणून सगळंच."

"तू उपाशी पण होतीस," मी म्हटलं.

"सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

"दाराला कडी होती."

"लावा."

"पाठीवर पट्टी होती."

"लावा," ती म्हणाली. आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा थोडासा हलला. "घड्याळ पण मागं करा, मावशी. वेळ झाली की."

आयुष्यात मी लय लोकांची गंमत केली. पण कुणी सांगून करायला लावली नव्हती. चिकटपट्टी फाडली, तेच शब्द लिहिले, तिच्या पाठीवर लावली. गमतीत काय मजा उरली नव्हती, पूजा केल्यासारखं वाटत होतं. निकितानं कडी लावायच्या आत सरांना निरोप पाठवला, पण सर मीटिंगला होते.

उजमानं चकती घासली. आरामात, फार नाही. प्लेटवर ठेवली. थेंब सोडला. गोल. हरभरा. ती स्टुलावर बसली, कपाळ काचेला लावलं, म्हणाली, "झोप येईल का असं ठरवून?" आणि ते वाक्य पुरतं संपायच्या आत झोपली. चार वर्षांची झोप होती ती, ठरवायला कशाला लागते?

मी आणि निकिता दोन बाजूंना उभ्या. माझ्या मोबाईलवर वेळ लावलेली. पंधरा मिनिटं. थेंब गोल. वीस. गोल. निकितानं माझ्याकडं बघितलं, मी मान दुसरीकडं केली. बाहेर कुणीतरी गणपतीच्या मांडवाचे बांबू उतरवत होतं, त्याचा खडखडाट. उजमा हलली नाही. माझे गुडघे बोलायला लागले, मी टेबलाला टेकले. अर्धा तास. मला रडायला येत होतं आणि मी कुठलाच नळ चालू करू शकत नव्हते.

मग निकिता म्हणाली, "मावशी. खाली बघा. कडेला."

थेंबाची खालची कड चकतीला जिथं टेकली होती, तिथली गोलाई गेली होती. इतकी थोडी, की आधी बघितलं नसतं तर कळलं नसतं. मग ती कड पुढं सरकली. खाज सुटल्यासारखी, जरा इकडं, जरा तिकडं. आणि मग थेंब बसायला लागला. दमलेलं माणूस भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकतं ना, तसा. वरचा उंचवटा गेला. चकतीवर चकाकी पसरत निघाली, कडेच्या अलीकडं येऊन थांबली. ओघळली नाही.

निकितानं माझा दंड धरला, नखं लागली मला. मी एका हातानं तोंड दाबलं, दुसऱ्यानं स्टूल ओढलं, वर चढले आणि घड्याळ मागं केलं. सांगितलं होतं तसं.

तेवढ्यात दारावर थाप. निकितानं कडी काढली. गायधनी सर. हातात पेटी हलवायचा कागद, तोंडावर मीटिंगचा वैताग. स्टुलावर चढलेली मी, पेटीला टेकून घोरणारी उजमा, तिच्या पाठीवरची पट्टी, हे सगळं बघून त्यांनी तोंड उघडलं.

मी वरूनच ओठावर बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं पेटी दाखवली.

सर चवड्यांवर चालत आले. काचेपाशी वाकले. वाकलेलेच राहिले. बराच वेळ. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि परत बघितलं, नाक काचेला लावून, लहान पोरं मिठाईच्या दुकानाबाहेर बघतात तसं.

"घासलं किती?" ते कुजबुजले.

"फार नाही," निकिता म्हणाली. "फक्त ठेवून दिला, सर. दीदी झोपल्या."

"झोपली," सर म्हणाले. त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात टाकला. "हा चालला आणि अजून एक झाला की तीन होतील. मी त्यांना फोन करतो. गणपतीनंतर न्या म्हणावं पेटी. ऐकतील. नाही ऐकलं तर इथंच बसतो दारात." मग उजमाकडं बघितलं, ती पट्टी वाचली, आणि मला वाटतं त्या वर्षात पहिल्यांदा त्यांचे दात दिसले. "किती वेळ ठेवलाय हा?" त्यांनी विचारलं आणि मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात बघायला लागले.

"त्याच्यावर जाऊ नका, सर," मी स्टुलावरून म्हटलं. "आणि आधी मला खाली उतरवा."